वाढीत अडखळणारे मूल आणि मानसशास्त्रज्ञ

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण हे विषय वर्षानुवर्षे येत असतात. त्यांच्या मानाने आजचा विषय काहीसा आडबाजूचा वाटण्याचा संभव आहे. मूल उशिरा बोलते, शाळेत मागे पडते, एका जागी बसत नाही, हे प्रश्न घरातले. त्यांची चर्चा चारचौघांत कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न किती घरांत आहे हे पाहिले म्हणजे ही शंका उरत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी करण्यात आली. बहिरेपणा, दृष्टिदोष, अपस्मार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, भाषेतील व अध्ययनातील अडचणी अशा नऊ प्रकारांपैकी निदान एक प्रकार आढळला अशा मुलांचे प्रमाण ठिकाणागणिक बरेच बदलते. तरी एकंदरीने ते आठ मुलांमागे एक असे भरले. म्हणजे आपल्या आळीत, वाड्यात किंवा सोसायटीत असे मूल आहे की नाही हा प्रश्नच नाही. ते आहेच. ते आपल्या ध्यानात आले आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

या अवस्थांना शास्त्रात मज्जाविकासाच्या अवस्था म्हणतात. मेंदूची जडणघडण गर्भापासून सुरू होते आणि जन्मानंतरही पुष्कळ वर्षे चालते. या जडणघडणीत काही वेगळेपण राहिले, तर त्याचा परिणाम बोलणे, चालणे, शिकणे, लक्ष देणे, माणसांत मिसळणे यांपैकी एका किंवा अनेक गोष्टींवर होतो. सर्वच बाबतींत मूल मागे राहिले तर बौद्धिक अक्षमता. भाषेची व सामाजिक देवघेवीची घडण निराळी असून तेच ते करण्याची ओढ असेल तर स्वमग्नता. लक्ष टिकत नाही व शरीर स्वस्थ राहत नाही ती अतिचंचलता. आणि इतर बाबतींत हुशार असूनही वाचन, लेखन किंवा गणित तेवढे साधत नाही ती अध्ययन-अक्षमता. हे कप्पे पुस्तकात निराळे असतात. प्रत्यक्षात एकाच मुलात दोन-तीन एकत्र नांदताना दिसतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. या अवस्था आईबापांच्या वागणुकीतून उत्पन्न होत नाहीत. एके काळी स्वमग्नतेचा दोष आईच्या कोरडेपणावर ठेवण्यात येत असे, आणि तोही मोठमोठ्या पंडितांकडून. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी या मतावर सविस्तर आघात केला, आणि १९७७ साली फोल्स्टीन व रटर यांनी जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. त्यानंतर ते मत शास्त्रात टिकले नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र ते अद्याप टिकून आहे. “आईने लाडावून ठेवला”, “आई नोकरीवर जाते ना!” ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. त्या वाक्यांनी मुलाचे काही सुधारत नाही. आईचे बळ मात्र खचते.

आता अशा मुलाच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञाचे काम काय? आमच्याकडे येणारे बहुतेक पालक एका वाक्याने सुरुवात करतात : “याचा आयक्यू काढून द्या.” शाळेने तसे सांगितलेले असते. म्हणजे मानसशास्त्रज्ञ हा वजनकाटा घेऊन बसलेला मनुष्य, आणि मूल हे तराजूत ठेवायचे माप, अशी समजूत आहे. ही समजूत कशी अपुरी आहे हेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम हा मनुष्य कोण ते पाहू. इंग्रजीत ज्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात त्याला आपण चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणू. हा वैद्यक शिकलेला डॉक्टर नव्हे आणि औषधे देत नाही. औषधे देतात ते मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाने मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणावर रुग्णांच्या सान्निध्यात देखरेखीखाली विशेष शिक्षण घेतलेले असते. पुष्कळ वर्षे ही वाट दोन वर्षांच्या एम. फिल. मधून जात आली. अलीकडे अभ्यासक्रमांची रचना बदलत आहे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. आपण दुकानातून सोने घेतानाही शिक्का पाहतोच.

या व्यवसायाचा उगमच अडखळणाऱ्या मुलापासून झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. १८९६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात लायटनर विटमर यांनी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा वेडा नव्हता की गुन्हेगार नव्हता. त्याला शब्दांची स्पेलिंगे जमत नव्हती, म्हणून त्याच्या शिक्षिकेने त्याला तेथे आणले होते. विटमर यांनी बारकाईने तपासले तेव्हा मुलाच्या दृष्टीत दोष आढळला. त्यांनी चष्म्याची तजवीज केली आणि पुढे त्याची शिकवणीही चालविली. आमच्या व्यवसायाचा सगळा धडा या एका उदाहरणात आहे. मूल कोठे अडते ते शोधावे, अडण्याचे कारण शोधावे, आणि कारण कळल्यावर हात झटकून मोकळे न होता पुढची व्यवस्था लावावी.

मापनाचे शास्त्र त्यानंतर आले. १९०४ साली फ्रान्स सरकारने, नेहमीच्या शाळेत ज्यांना झेपत नाही अशा मुलांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिच्या कामातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची बुद्धिमापन कसोटी १९०५ साली तयार झाली. अशा मुलांना योग्य ते विशेष शिक्षण मिळावे हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न हलणारी राशी आहे, असे बिने यांनी कधी मानले नाही. उलट या मताचा त्यांनी निषेध केला होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी कन्नड व मराठी मुलांवर बेतली आणि १९४० साली त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे डॉ. मालिन यांनी नागपुरात बसून वेश्लर यांच्या बालकसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले आणि व्यवहारातील परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलंड मापनश्रेणीचेही रूपांतर केले. आजही कित्येक चिकित्सालयांत या कसोट्यांची नावे ऐकू येतात. महाराष्ट्राचा या शास्त्राशी संबंध असा जुना आहे.

आता तो प्रसिद्ध आकडा. बुद्ध्यंक म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या मेळ्यात या मुलाचे स्थान कोठे, हे सांगणारी संख्या. सरासरी १०० धरली आहे. सुमारे दोन-तृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात, आणि ७० च्या खाली शेकडा दोनच्या आसपास. हा आकडा शंभर पैशांच्या रुपयासारखा पक्का नसतो. उत्तम कसोटीतही पाच-पाच गुणांची चूकभूल गृहीत धरावी लागते. म्हणजे ७० आला तर तो ६५ ते ७५ मध्ये कोठेतरी आहे, एवढेच समजावयाचे. मूल तापातून उठलेले असेल, रात्री झोपलेले नसेल, अनोळखी खोलीत घाबरले असेल, तर आकडा खाली येतो. यासाठीच २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानसंहितेत मोठा बदल केला : बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यंकावरून न ठरविता, मूल दैनंदिन व्यवहारात किती स्वतंत्र आहे यावरून ठरवावी. स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, रस्ता ओलांडतो का, वाण्याकडून मोड परत आणतो का, या प्रश्नांना आता संख्येपेक्षा अधिक मान आहे.

एक दृष्टांत घेऊ. तिसरीच्या वर्गात चार मुले आहेत. चौघांनाही धडा वाचता येत नाही. शिक्षकांच्या वहीत चौघांपुढे एकच शेरा आहे : ‘वाचन कच्चे’. मानसशास्त्रज्ञ मात्र चौघांना एका शेऱ्यात बसवीत नाही.

पहिला मुलगा चालायलाही उशिरा लागला, बोलायलाही. नऊ वर्षांचा झाला तरी शर्टाची बटणे आईच लावते. खेळात त्याला पाच-सहा वर्षांची मुले जवळची वाटतात. याची वाढ सर्वच अंगांनी मंद गतीने चालली आहे. याला धडा पाठ करावयास लावण्यापेक्षा लहान-लहान पायऱ्या करून रोजच्या जीवनातील कामे शिकविली पाहिजेत आणि अक्षरओळख त्याच्या गतीने पुढे न्यावयास हवी.

दुसरा मुलगा गोष्ट सांगू लागला की घरातली वडील मंडळीही ऐकत बसतात. बुद्धिबळात तो मोठ्यांना हरवितो. मात्र पुस्तक समोर आले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते, जोडाक्षर फुटता फुटत नाही, आणि वेलांट्या कोठल्या कोठे जातात. ही अध्ययन-अक्षमता. हिचे पक्के निदान सामान्यतः आठव्या वर्षाच्या आधी करीत नाहीत, कारण तोवर पुष्कळ मुले चुकतच शिकत असतात. या मुलाला ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ हळूहळू घालून देणारे विशेष शिक्षण हवे, आणि परीक्षेत अधिक वेळ हवा.

तिसरा मुलगा एकट्याला शेजारी बसवून घेतले तर दोन ओळी नीट वाचतो. तिसऱ्या ओळीला त्याचे लक्ष खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे जाते. घरीही तेच, शाळेतही तेच, आणि लहानपणापासून तेच. याची अडचण अक्षरांत नाही, लक्षात आहे. याला पुढच्या बाकावर बसविणे, काम तुकड्यांनी देणे, पालकांनी शाबासकी व शिस्त यांची घडी बसविणे, हे उपाय प्रथम. आणि गरज भासल्यास डॉक्टरांचे औषध.

चौथ्या मुलाचे काय? तो नंदुरबारकडून आई-बापांबरोबर कामासाठी शहरात आलेला आहे. घरात पावरी बोलतात. शाळेतील मराठी त्याच्या कानाला परकी आहे. त्याच्या मेंदूत कसलाही दोष नाही. पण प्रमाण मराठीतील कसोटी त्याच्यापुढे ठेवून गुण मोजले, तर कागदावर तो मंदबुद्धी ठरेल! आणि एकदा कागदावर ठरला की पुढची दहा वर्षे तो कागदच त्याच्याविषयी बोलत राहील. म्हणून मूल घरी काय बोलते, ऐकू नीट येते का, दिसते का, शाळेत किती दिवस गेले, हे आधी विचारल्यावाचून जो कसोटी काढून बसतो, त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

यावरून कामाचा क्रम आपल्या ध्यानात येईल. आधी आई-वडिलांशी सावकाश बोलणे : गरोदरपण, बाळंतपण, पहिले पाऊल, पहिला शब्द, आजारपणे, घरातील माणसे. मग मुलाचे निरीक्षण : खेळताना, रुसताना, आईपासून दूर होताना. शिक्षकांचे म्हणणे. त्यानंतर कसोट्या. आणि शेवटी हे सर्व धागे जुळवून मुलाची एक सुसंगत हकीगत मांडणे : याचे बळ कशात, अडते कोठे, का अडते, आणि भोवतालचे काय बदलले म्हणजे याचे पाऊल पुढे पडेल. ही हकीगत म्हणजेच मानसशास्त्रज्ञाची खरी कामगिरी. आकडा हा तिच्यातील एक परिच्छेद.

हे काम एकट्याचे नव्हे. श्रवणाची तपासणी करणारे, वाचा-उपचार करणारे, हाताच्या व शरीराच्या हालचाली सुधारणारे, विशेष शिक्षक, बालरोगतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, असा हा पंक्तीचा प्रपंच आहे. प्रत्येकाच्या पानात एकेक पदार्थ असतो. सगळे मिळून ताट कसे लागते हे पाहण्याची जबाबदारी पुष्कळदा मानसशास्त्रज्ञाकडे येते.

निदानानंतर उपचाराचे काम सुरू होते. स्वमग्न मुलाचे एक उदाहरण पाहू. मूल रोज सकाळी किंचाळते आणि स्वतःच्या हाताला चावते. घरचे म्हणतात, हट्टी झाला आहे. मानसशास्त्रज्ञ आईला एका वहीत तीन रकाने पाडावयास सांगतो : किंचाळण्याच्या आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर आपण काय केले. आठवड्याने वही पाहावी तो प्रत्येक वेळी आधी प्रेशर कुकरची शिट्टी वाजलेली! काही मुलांच्या कानाला तो आवाज सहन होत नाही, आणि ‘मला त्रास होतो’ हे सांगण्यास त्यांच्यापाशी शब्द नसतात. मग स्वयंपाकघराचे दार लावून घेणे, शिट्टीपूर्वी मुलाला बाहेरच्या खोलीत नेणे, आणि कानावर हात ठेवून किंवा चित्र दाखवून आपली अडचण सांगावयास शिकविणे, हा उपचार होतो. हट्टाला मार हा उपाय केला असता तर मुलाचे दुःख दुप्पट झाले असते. प्रत्येक वहीतून इतके सरळ उत्तर निघते असे नाही. पण शोधण्याची रीत हीच.

पालकांना निदान सांगणे हीसुद्धा एक विद्या आहे. जे सांगावयाचे ते दाराशी उभे राहून सांगता येत नाही. आई-वडील दोघांना बसवून, साध्या भाषेत, मुलाच्या सामर्थ्यापासून आरंभ करून सांगावे लागते. त्या दिवशी निम्मे त्यांच्या कानांत शिरतच नाही. म्हणून पुन्हा बोलवावे लागते. आईची झोप, तिचा एकटेपणा, सासर-माहेरची बोलणी, दुर्लक्षित झालेले धाकटे भावंड, याही गोष्टी आमच्या कामाच्या कक्षेत येतात. कारण मुलाच्या उपचाराचा भार अखेर ज्या खांद्यांवर आहे, ते खांदे शाबूत राहिले पाहिजेत.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगू. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या पालकत्वाची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांनाही स्थान दिले. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींचा हक्क पोहोचतो. या प्रमाणपत्रासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल लागतो. कित्येक पालक प्रमाणपत्र घेण्यास कचरतात. मुलावर शिक्का बसेल, लग्नकार्यात आड येईल, असे त्यांना वाटते. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. समाजाने ती निर्माण केली आहे. परंतु कागद कपाटात ठेवता येतो, आणि दहावीच्या परीक्षेला जादा वेळ हवा असेल तेव्हा बाहेर काढता येतो. कागदाचा उपयोग मुलासाठी व्हावा; मुलाची ओळख कागदावरून होऊ नये.

सरकारी सोयही काही प्रमाणात उभी राहिली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी करावी आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही योजना आहे. या केंद्रांच्या आराखड्यात मानसशास्त्रज्ञाची जागा धरलेली आहे. परंतु आराखड्यातील जागा आणि प्रत्यक्ष खुर्चीत बसलेला मनुष्य यांत अंतर राहते. प्रशिक्षित माणसे थोडी आहेत आणि तीही मोठ्या शहरांत गोळा झालेली आहेत. हे अंतर भरून काढण्याचा नाद लोकांनी धरला पाहिजे. रस्ता आणि पाणी यांसाठी आपण नगरपालिकेकडे जातो. याही गोष्टीसाठी जाण्यास हरकत नाही.

ही उणीव असते तेथे बाजार शिरतो. अमुक काढा घ्या, तमुक यंत्राखाली बसवा, तीन महिन्यांत मूल बोलेल, अशा जाहिराती आपण पाहतो. जो कोणी या अवस्था मुळापासून नाहीशा करण्याची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे. मुले सुधारतात, पुष्कळ सुधारतात. कोणी नोकरी करतात, कोणी संसारही करतात. पण ही सुधारणा रोजच्या शिकवणुकीने, हळूहळू येते.

आपण नागरिकांनी काय करावे? काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. वर्षाच्या बाळाने नाव घेताच मान वळवावी. दीड वर्षाच्या मुलाने बोट करून चांदोबा किंवा चिमणी दाखवावी. दोन वर्षांच्या मुलाने ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडावेत. यांपैकी काही होत नसेल, किंवा आलेले शब्द नाहीसे झाले असतील, तर प्रथम कान तपासून घ्यावेत आणि लगेच तज्ज्ञांकडे जावे. “याचे वडीलही उशिराच बोलले” हे वाक्य पुष्कळदा खरे असते. पण ते खरे ठरण्याची वाट पाहण्यात जी दोन वर्षे जातात ती शिकण्याच्या दृष्टीने मोलाची असतात. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दुपार गेली, एवढेच.

आणि अहवाल हाती पडला म्हणजे मानसशास्त्रज्ञाला तीन प्रश्न जरूर विचारावेत. माझ्या मुलाला काय चांगले जमते? ते कोठे आणि कशामुळे अडते? उद्या सकाळपासून घरी आणि शाळेत आम्ही काय निराळे करावयाचे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्याला कळतील अशा मराठीत मिळाली, तर त्या मनुष्याने आपले काम केले असे समजावे. नुसता आकडा मिळाला, तर उठू नये. पुन्हा विचारावे.